तिमोशाला द्या

"बारिश्न्या, तिमोशाला द्या."

रोज सकाळी माझ्यासमोरच्या फळ्यावर खालच्या रांगेतला एक बारीक दिवा लागायचा, मी तिथे पिन घालायची आणि हेच वाक्य कानात यायचं. नंबर नाही, नमस्कार नाही. जणू तिमोशा शेजारच्या खोलीत बसलाय आणि मी नुसती त्याला हाक मारायची आहे.

"नंबर सांगा," मी म्हणायची. तसा नियमच होता.

"अहो, कालचाच की."

"नंबर सांगितल्याशिवाय जोडता येत नाही, बाई."

"कालव्याजवळची बराक. कचेरीतला तिमोशा. तुम्हाला सगळं ठाऊक असतं आणि मला म्हातारीला उगाच छळता."

मला ठाऊक होतंच. तिचं बोलणं संपायच्या आत माझ्या दुसऱ्या हातातली पिन बराकीच्या भोकात गेलेली असायची.

आता, इतक्या वर्षांनी, आमच्या घराच्या बोळात, सात कुटुंबांत मिळून, एक काळा फोन भिंतीला टांगलेला आहे. आकडे आपणच फिरवायचे. मधे कुणी नसतं. तेव्हा मधे आम्ही असायचो. पेट्रोग्राडच्या टेलिफोन भवनात, वरच्या मजल्यावरच्या लांबलचक दालनात, उंच स्टुलांवर एका ओळीत बसलेल्या मुली. कानाला रिसीव्हर बांधलेला, छातीवर बोलायचं नळकांडं, दोन्ही हात सतत पिना काढत आणि घालत. आमचं नाव कुणाला सांगायचं नाही. मागितलंच तर आपला क्रमांक सांगायचा. लग्न करायचं नाही, केलं तर नोकरी गेली. आणि ठरलेल्या चार वाक्यांपलीकडे बोलायचं नाही. सगळं शहर आम्हाला बारिश्न्या म्हणायचं. बारिश्न्या म्हणजे चांगल्या घरची अविवाहित मुलगी. मी प्स्कोव्हकडच्या एका पोस्टमास्तरांची मुलगी होते, पण आईवडील दोघंही गेले होते आणि घर असं राहिलं नव्हतं. एका धोबिणीच्या खोलीत पडद्यामागचा कोपरा भाड्याने घेऊन मी राहत होते. दिवसभर माझ्या हातून हजारो माणसं एकमेकांशी बोलायची. संध्याकाळी पडद्यामागे गेलं की धोबीण तिच्या नवऱ्याशी बोलायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची.

दुसऱ्यांचं बोलणं ऐकायला बंदी होती. पण जोड नीट लागली की नाही हे पाहायला क्षणभर ऐकावंच लागे, आणि तो क्षण किती लांबवायचा हे आमच्या हातात असे. म्हणून मला तिचं नाव कळलं होतं. आनफिसा येगोरोव्ना. एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे ती स्वयंपाकीण होती. जर्मनांशी चाललेल्या युद्धाचा तिसरा हिवाळा आला, शहरात पावाची चणचण सुरू झाली, तेव्हा मालक बायकामुलांना घेऊन दक्षिणेला निघून गेला आणि घर राखायला हिला ठेवून गेला. दहा खोल्या, सगळ्या फर्निचरवर पांढऱ्या चादरी, आणि स्वयंपाकघरात ही एकटी. फोन आला तर घ्यायचा, आपण करायचा नाही, असं मालकाने बजावलं होतं. तरी ती रोज करायची. फोनपुढे उभं राहण्याआधी ती एप्रन काढून ठेवायची आणि डोक्यावर चांगली शाल घ्यायची. हे तिनेच एकदा लेकाला सांगितलं.

"अगं आई, कोण बघतंय तुला?" तो हसला होता.

"बारिश्न्या आहे ना मधे."

तिमोशाला आदल्या उन्हाळ्यात आघाडीवर पायाला गोळी लागली होती. बरा झाल्यावर त्याला शहरातल्या राखीव पलटणीत धाडलं आणि अक्षर चांगलं म्हणून कचेरीत बसवलं. फोन त्याच्याच टेबलावर होता. त्या दोघांचं बोलणं नेहमी सारखंच असायचं.

"खाल्लंस का?"

"खाल्लं."

"पाय?"

"बरा आहे. आई, कुणीतरी आलं. ठेव."

एवढंच. दिवा विझायचा, मी पिना काढायची. पण त्या एवढ्याशासाठी मी सकाळी घाईने स्टुलावर येऊन बसायची. ज्या दिवशी तो दिवा उशिरा लागे त्या दिवशी माझे हात उगाच चुकायचे.

फेब्रुवारी संपत आला होता. गुरुवारी कापडगिरण्यांतल्या बायका पाव मागत रस्त्यावर उतरल्या. शुक्रवारी त्यांच्याबरोबर बाकीचे कारखाने आले. शनिवारी ट्राम बंद पडल्या. झारच्या अधिकाऱ्यांना वाटत होतं की थंडी वाढली की ही माणसं घरी जातील. फोनवर ते एकमेकांना तसंच सांगायचे, मी ऐकलं होतं. आणि रविवारी सैनिकांनी गोळ्या झाडल्या.

रविवारी पाळी संपवून मी घरी निघाले होते. चौकात पोचले तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. बर्फावर टोप्या पडल्या होत्या. एक माणूस त्या एकेक करून उचलत होता, आतल्या बाजूला नाव शिवलंय का ते पाहत होता आणि पुन्हा होत्या तिथेच ठेवत होता. दिव्याच्या खांबापाशी बाईमाणसाचा एक रबरी बूट उभा होता, अगदी सरळ, जणू दाराबाहेर काढून ठेवला असावा. माझ्या पायात तसेच होते. मी त्याला वळसा घालून गेले.

सोमवारी पुलावर पहारा होता, म्हणून नदीच्या गोठलेल्या पाण्यावरून चालत कामावर आले. निम्म्याहून जास्त मुली आल्याच नव्हत्या. माझ्या डावीकडे फक्त नेली बसली होती. गोल चेहऱ्याची, सारखी हसणारी, एका ड्रॉइंग मास्तराशी चोरून लग्न ठरवलेली. आमच्या मागे कपितोलिना आवगुस्तोव्ना फिरत होत्या. त्या आमच्या मुख्य पर्यवेक्षिका. पायात लोकरीचे मऊ जोडे असायचे, त्यामुळे त्या कधी पाठीशी येऊन उभ्या राहिल्या ते कळत नसे. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना मांजर म्हणायचो.

"आज कुणी कुणाशी बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "लष्करी मुख्यालयाचा फोन आला तर चालू बोलणं तोडून आधी तो जोडायचा. जी जोडणार नाही तिला मी वाचवू शकणार नाही. लष्करी कोर्ट आहे. समजलं?"

"समजलं," आम्ही म्हणालो.

फळ्यावर दिवेच दिवे होते. अख्खं शहर एकाच वेळी रिसीव्हर उचलून उभं होतं. त्या गर्दीत खालच्या रांगेतला तो दिवा लागला.

"तिमोशाला द्या. लवकर द्या हो."

आज मी नंबर विचारला नाही. पलीकडून त्याने लगेच उचललं.

"आई, आज नको. ठेव."

"काल गोळ्यांचे आवाज येत होते. तू कुठे होतास?"

"इथेच." मग आवाज खाली आला. "शिकाऊ तुकडीला नेलं होतं चौकात. रात्री परत आले. एकाने पण जेवणाला हात लावला नाही. भिंतीकडे तोंड करून पडले सगळे."

"आणि तुमची तुकडी?"

"आज नेतील म्हणतात. मुख्यालयाचा फोन यायचाय. तो आला की मी लिहून घ्यायचा आणि कप्तानाच्या हातात द्यायचा. म्हणून म्हणतो, फोन मोकळा सोड."

"म्हणजे तू निरोप देणार आणि ते जाऊन बायकांना मारणार?"

"मी नाही दिला तर दुसरा देईल, आई."

"मग दुसऱ्याला देऊ दे!"

 एवढ्यात नेलीने माझ्या दंडाला कोपर मारलं. दुसऱ्या कुणाच्या फळ्यावर एखादी लाइन चालू असली, तर तिथे पिन टेकवताच कानात टक् असा आवाज येतो. तिच्या कानात तो आला होता.

"झिना, कालव्याची बराक तुझ्याकडे आहे का गं?" ती कुजबुजली. "सोड पटकन. मुख्यालय आहे. पुलापाशी दोन तुकड्या हव्यात, काडतुसांसकट. ताबडतोब म्हणतोय."

माझी बोटं पिनेवर होती. नुसती ओढायची होती. दिवसातून शेकडो वेळा ओढत होतेच.

मी बोलायची कळ दाबली. "बाई, ठेवू नका."



"कोण?" तिने विचारलं.

"मी. मधली."

"वेळ संपली का, बारिश्न्या? ठेवते हो मी, रागावू नका. आज जरा..."

"नाही, ठेवू नका म्हणतेय. हवं तितकं बोला." मग मी त्याला म्हणाले, "कचेरीतले, तुम्हीही ठेवू नका. तुमची लाइन मागताहेत."

चार वाक्यांबाहेरचं मी एवढंच बोलले. कळ सोडली.  पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. एक श्वास, मग दुसरा. मग त्याने घसा साफ केला.

"आई," तो म्हणाला, "यंदा चंडोल करणार का?"

"काय?"

"चंडोल गं. पावाचे."

आमच्याकडे मार्चच्या सुरुवातीला एक सण असतो. त्या दिवशी कणकेचे छोटे पक्षी करून भाजतात, पंख दुमडलेले, डोळ्यांच्या जागी मनुका. मुलं ते हातात उंच धरून अंगणात पळतात आणि खऱ्या चंडोलांना बोलावतात. चंडोल आले की हिवाळा संपला.

"शहराला आग लागलीय आणि ह्याला चंडोल सुचताहेत!" आनफिसा येगोरोव्ना ओरडली. "पंचवीस वर्षांचा घोडा झालास!"

"सांग तर खरं. पीठ कसं मळतेस?"

"पीठ आहे कुठे शहरात?"

"समज, आहे. समज, मालकाने पोतंभर पाठवलं."

"मालक! तो पाठवणार पोतं! जाताना साखरेच्या डब्याला कुलूप घालून गेला."

"पण समज."

"समज तर समज. आधी यीस्ट कोमट पाण्यात... अरे, पण तू विचारतोस कशाला? तुला काय करायचंय?"

"शिकतोय. उद्या लग्न झालं तर बायकोला यायला नको?"

"कोण देतंय तुला बायको, लंगड्या!" आणि ती हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकत होते.

नेलीच्या रिसीव्हरमधून येणारा माणसाचा आवाज मला माझ्या जागेवरून ऐकू येत होता.

"लाइन एंगेज आहे, साहेब," नेली सांगत होती. "हो, साहेब. तोडायला सांगितलंय. अजून एंगेज." मग माझ्याकडे वळून, रडवेली होऊन, "अगं, माझा क्रमांक मागतोय! तुरुंगात घालीन म्हणतोय मला! तुझ्यापायी!"

"मग रड," मी म्हणाले. "त्याला ऐकू जाईल असं रड. म्हणजे त्याला खरं वाटेल."

तिने माझ्याकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि खरंच रडायला लागली. मला अजून कळलेलं नाही की ते नाटक होतं की नव्हतं.

"...ताक टाकायचं चमचाभर," माझ्या कानात आनफिसा येगोरोव्ना सांगत होती. "तुझी आजी टाकायची नाही. तिचे चंडोल दगडासारखे व्हायचे. तुझ्या बापाचा दात पडला होता एकाने."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? तू नेहमी, आई ठेव, आई ठेव."

"दात कुठला? पुढचा?"

"पुढचा नाही तर! लग्नाला तीन आठवडे होते. मी वरातीत त्याच्याकडे बघून हसले, तर सासू म्हणाली, मुलगी आगाऊ आहे."

माझ्या खांद्यावर सावली पडली. लोकरीचे जोडे. कपितोलिना आवगुस्तोव्ना माझ्या आणि नेलीच्या मधे उभ्या होत्या.

"मुख्यालय बराक मागतंय," त्या म्हणाल्या. "लाइन कुणाकडे आहे?"

नेलीने रडता रडता माझ्या फळ्याकडे बोट केलं.

"माझ्याकडे," मी म्हणाले.

"कुणाशी बोलणं चालू आहे?"

 त्यांनी कमरेचा आपला रिसीव्हर कानाला लावला आणि त्याची पिन माझ्या जोडीवर टेकवली. पर्यवेक्षिकांना कुणाचंही बोलणं ऐकता येत असे. मी खाली माझ्या गुडघ्यांकडे बघत होते. स्कर्टवर शाईचा एक जुना डाग होता. आता हात पुढे येईल, पिन निघेल आणि मला खाली घेऊन जातील, असं मी धरून चालले होते. जायला तरी मला कुठे घर होतं, असंही मनात आलं. एकाही माणसाला कळवावं लागणार नव्हतं.

"...पंख दुमडताना घट्ट नाही दुमडायचे," कानात आवाज चालूच होता. "घट्ट दुमडले तर भट्टीत फुलत नाहीत. अगदी अलगद. तू लहान होतास तेव्हा तुला दुपट्यात गुंडाळायचे ना, तसं."

कपितोलिना आवगुस्तोव्ना ऐकत होत्या. बराच वेळ ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मग त्यांनी पिन काढली, वायर गुंडाळून कमरेला अडकवली आणि नेलीला म्हणाल्या, "लाइन एंगेज आहे. तसं सांगा."

"पण ते म्हणतात..."

"काय म्हणतात ते मला नको. एंगेज आहे ती एंगेज आहे."

आणि त्या पुढे निघून गेल्या. त्यांचं कुणी त्या बराकीत होतं का, की त्यांनीही आदल्या दिवशी चौकात काही पाहिलं होतं, ते मला कधी कळलं नाही. पुढे वर्षभर आम्ही एकत्र काम केलं, पण त्या माझ्याशी कामाशिवाय अक्षर बोलल्या नाहीत.

दात झाला, सासू झाली, एका वर्षी भट्टीत चंडोलांऐवजी मांजरीची पिल्लं सापडली ते झालं. तिमोशा विचारत होता, ती सांगत होती. मग त्याच्या मागे कुठेतरी गलका वाढला. आधी दुरून, मग अगदी खिडकीखाली.

"आई, थांब." रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं गेली, लंगडत परत आली. "अंगणात सगळे जमलेत. फाटकाकडे निघालेत. बंदुका आहेत, पण रांगेत नाहीत."

"रांगेत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे कुणाच्या हुकमाने निघालेले नाहीत. कप्तान मागच्या दाराने पळाला." त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "आई, मी जातो."

"कान झाकून घे. मफलर कुठाय?"

"गळ्यात आहे."

"खोटं बोलतोस."

"आहे गं, खरंच. माझ्यासाठी एक चंडोल ठेव. आणि डोळे दोन लाव. मागच्या वेळचा काणा होता."

"मनुका संपल्या होत्या!"

"बारिश्न्या," तो म्हणाला, "तुम्ही आहात ना?"

मी कळेवर बोट ठेवलं.  चार वाक्यांतलं एकही तिथे चालणारं नव्हतं.

"आहात," तो म्हणाला. "आभारी आहे."

दिवा विझला. मी पिना काढल्या. नेलीने लगेच तिची पिन घातली आणि घंटी वाजवली. बराकीच्या त्या रिकाम्या कचेरीत घंटी वाजत राहिली. मुख्यालयातला माणूस ओरडत राहिला, मग त्यानेही ठेवून दिलं.

दुपारी आमच्या खिडकीखालून सैनिक गेले. संगिनींना लाल चिंध्या बांधलेल्या, आणि त्यांच्या मधूनमधून बायका, कामगार, विद्यार्थी. रस्त्याच्या कडेला एका म्हाताऱ्याने टोपी काढून हातात धरली होती आणि पुन्हा घालायचं त्याला सुचत नव्हतं. पुढचे काही दिवस टेलिफोन कधी चालायचे, कधी मुके व्हायचे. त्याच आठवड्यात झारने गादी सोडल्याची बातमी आली. दालनातली त्याची मोठी तसबीर उतरवली, तेव्हा भिंतीवर तेवढ्या भागाचा रंग नवा निघाला. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आता लग्नाची बंदी उठणार, असं कुणीतरी म्हणालं आणि नेलीने स्टुलावर उभं राहून टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी रस्त्यात सगळे सगळ्यांना मिठ्या मारत होते. एका अनोळखी बाईने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि कोटाला लाल फीत टोचली. मी फीत घेऊन घरी आले. धोबीण आणि तिचा नवरा बाहेर गाणी ऐकायला गेले होते. मी पडद्यामागे गेले, दिवा लावला आणि कोट न काढता तशीच पलंगावर बसून राहिले.

"तिमोशाला द्या."

टेलिफोन पुन्हा नीट चालू झाल्यावर पहिल्याच सकाळी तो दिवा लागला होता. मी घंटी वाजवली. कुणी उचललं नाही.

"गडबड आहे सगळीकडे, बाई. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशीही कुणी उचललं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती आता मला छळता म्हणत नव्हती. नुसतं "द्या" म्हणायची आणि मी घंटी थांबवेपर्यंत गप्प उभी राहायची. मीही लवकर थांबवत नसे. त्या दहा खोल्यांत, त्या पांढऱ्या चादरींमधे, ती शाल डोक्यावर घेऊन उभी असेल, असं डोळ्यांपुढे यायचं. बाहेर रस्त्यावर बँड चालले होते.

एका सकाळी एकदाचं कुणीतरी उचललं. मागे अ‍ॅकॉर्डियन वाजत होता.

"तिमोशाला द्या!" तिचा आवाज फुटला.

"कुठला तिमोशा, काकी?" पलीकडचा मनापासून हसला. "आता इथे सगळेच तिमोशा! सगळे मोकळे! या तुम्हीपण!"

आणि ठेवून दिलं. त्यानंतर तो दिवा लागायचा बंद झाला.

मी रोज खालच्या रांगेकडे बघायची. दुसरे दिवे लागत होते, मी जोडत होते. झार नाही, नवं सरकार, सभा, मिरवणुका, माणसं तासन्‌तास बोलत होती. माझे हात नीट चालत होते. चुकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग एका सकाळी तो लागला.

"नंबर?" मी विचारलं. ओठांवर दुसरं काही येईना.

"नंबर नाही."

"थांबा, तिमोशाला..."

"नाही गं पोरी," ती म्हणाली. आजवर ती मला अहो म्हणत होती. "तो सापडला."

मी पिन घट्ट धरून बसले.

"इस्पितळाच्या मागे शेड आहे. तिथे ओळीने ठेवले होते. पुलाच्या कोपऱ्यावर गोळी लागली म्हणाले. कुठल्या तरी छपरावरून. त्याच दिवशी दुपारी." ती थांबली. "मफलर नव्हता. मी सांगितलं होतं तुला, तो खोटं बोलतोय."

मला ती तसं कधीच म्हणाली नव्हती, त्याला म्हणाली होती. पण मी हो म्हणाले.

"त्या दिवशी किती बोलला गं. लहानपणापासून इतकं कधी बोलला नव्हता. पीठ विचारलं, आजीचं विचारलं, बापाचा दात... तू ठेवू नका म्हणालीस म्हणून. मी तर ठेवणारच होते." तिच्या श्वासात घरघर होती. "देव तुला सुखी ठेवो."

लाइन का धरून ठेवली होती, ते मी तिला सांगितलं नाही. नेलीच्या कानात कोण ओरडत होतं, तेही नाही. त्या दोन तुकड्या पुलावर गेल्या नाहीत त्या आमच्या चंडोलांमुळे, की सैनिक तसेही निघालेच होते, हे मला आजही ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक असणार नाही. आणि त्याला बोलायला नेमके चंडोलच का सुचले, तेही नाही. लाइन अडवायला दुसरं काहीही चाललं असतं.

"आज तो सण आहे," ती म्हणाली. "केलेत मी. काळ्या पावाचं पीठ होतं मूठभर. मनुका कपाटामागे दोनच सापडल्या. दोन्ही एकालाच लावल्या."

"बरं केलंत."

"पोरी, तू बोल आता जरा. मी ऐकते. घरात आवाज नाही."

"काय बोलू?"

"काहीपण. बोलत राहा."

मला मागून लोकरीच्या जोड्यांची चाहूल लागली. ती माझ्यापाशी आली, रेंगाळली आणि पुढे गेली. फळ्यावर दिवे साठत चालले होते. माझ्याजवळ सांगण्यासारखं काय होतं? पडदा, धोबीण, नदीवरचा बर्फ. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "पंख घट्ट नाही दुमडायचे म्हणालात. मग किती?"



"अलगद," ती म्हणाली. "अगदी अलगद. आधी पीठ लांब ओढून घ्यायचं, त्याची सैल गाठ मारायची. एक टोक म्हणजे डोकं, दुसरं शेपूट..." आणि मग ती सांगत गेली. मी मधेमधे हं म्हणत होते. माझ्या वाट्याचे काही दिवे नेलीने काही न बोलता आपल्याकडे घेतले.

सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तुझं नाव काय गं?"

नियमाप्रमाणे मी माझा क्रमांक सांगायला हवा होता.

"झिना."

"खाल्लंस का, झिना?"

"खाल्लं," मी म्हणाले.

"खोटं बोलतेस," ती म्हणाली.